रेकॉर्डमधला डावा हात



आज बेसबद्दल बोलू. घरी रेकॉर्ड प्लेयर आहे, स्पीकरही बरे आहेत, पण तबल्याची चाट तेवढी ऐकू येते आणि डग्गा कुठे गेला ते कळत नाही, ही तक्रार मी कित्येक वर्षं ऐकतोय. त्यावर दुकानात मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं : सबवूफर घ्या. मी स्वतः आयुष्यभर सभागृहांत स्पीकर बसवण्याचं काम केलं, सबवूफर शेकड्यांनी विकत घेतले, तेव्हा माझं त्यांच्याशी वाकडं नाही. पण एका घरात तो न घेता बेस कसा आला, ते आज सांगतो. त्यात बहुतेक सगळे धडे येतात.

हे घर मरुदानल्लूरचं. तमिळनाडूत कुंभकोणमजवळचं हे छोटं गाव. नाव आपल्याला अनोळखी वाटेल, पण गाव तितकं परकं नाही. १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती. त्या काळात मराठी कीर्तनं आणि अभंग त्या मुलखात रुजले. मरुदानल्लूरचे सद्गुरू स्वामी हे तमिळ नामसंकीर्तन परंपरेतल्या तीन प्रमुख गुरूंपैकी एक. तिथल्या भजनाला जी बांधीव पद्धत आहे, ती त्यांनी घालून दिली असं मानतात. त्या पद्धतीत तेलुगू, संस्कृत, तमिळ रचनांबरोबर आपले अभंगही आहेत. आजही भजन रंगात आलं की एकदम 'विठ्ठल' ऐकू येतो. फरक इतकाच, की साथीला पखवाज नसतो, मृदंगम असतो.

माझा एक मित्र तिथला. घराणं तंजावरी मराठी, नोकरी चेन्नईत झाली, निवृत्त होऊन गावी परतला. त्याचे वडील मठात भजनाला मृदंगम वाजवायचे. ते गेले, मागे दोन पेट्या रेकॉर्ड्स राहिल्या आणि एक जुना, सूटकेससारखा बंद होणारा रेकॉर्ड प्लेयर. मित्रानं तो दुरुस्त करून घेतला, नव्या अँप्लिफायरला जोडला, दोन बुकशेल्फ स्पीकर आणले आणि मोठ्या हौसेनं आईला झोपाळ्यावर बसवून पहिली रेकॉर्ड लावली. त्या माउलीनं पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "ह्यात डावा हातच नाही."

मित्राला वाटलं आईचे कान आता साथ देत नाहीत. वय ८२. त्यानं मला फोन केला, की पन्नास हजारांचा सबवूफर बघून ठेवलाय, कसा आहे सांग. मी म्हटलं, थांब, आधी येऊन ऐकतो. मामींचे कान खराब असतील असं मला वाटेना. (तिकडे वडीलधाऱ्या बाईला सरसकट मामीच म्हणतात, तेव्हा मीही म्हणतो.) ज्या बाईनं साठ वर्षं घरात मृदंगम ऐकला, तिला डावा हात म्हणजे काय ते माझ्या यंत्रांपेक्षा जास्त कळतं.

आता डावा हात म्हणजे काय ते बघू. मृदंगमाच्या उजव्या तोंडावर कायमची काळी शाई असते. तिच्यामुळे त्या कातड्यातून निघणारे उपस्वर मूळ स्वराशी नीट जुळतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये यावर टिपण लिहिलं होतं. ते तिरुचिरापल्लीत जन्मलेले, मृदंगमाच्या मुलखातलेच. डाव्या तोंडाला, म्हणजे तोप्पीला, वादक वाजवायच्या आधी ओल्या रव्याचा गोळा लावतो, जशी आपल्याकडे पखवाजाला कणीक लावतात. रवा जास्त, तर स्वर खाली. रवा सुकला, तर स्वर चढतो. हा डावा आवाज साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमतो.

इथे एक गंमत आहे. गायकाचा खर्ज छोट्या स्पीकरमधून प्रत्यक्ष येत नसला, तरी त्याचे वरचे उपस्वर येतात आणि आपला मेंदू खालचा स्वर मनानं भरून घेतो. म्हणून मोबाइलवरही भीमसेनजींचा आवाज भीमसेनजींचाच वाटतो. डाव्या तोंडाचा आवाज मात्र बराचसा मूळ स्वरातच असतो, वर आधाराला फारसे उपस्वर नसतात. तो आला नाही तर नुसती एक थाप ऐकू येते. मामींना गाणं सगळं ठीक वाटत होतं आणि फक्त डावा हात हरवला होता, त्याचं कारण हे.

मी गेलो, रेकॉर्ड लावली, आणि पहिल्या मिनिटात प्लेयर उचलून खालून बघितला. आत सिरॅमिक कार्ट्रिज होतं. त्याची वायर अँप्लिफायरच्या 'ऑक्स'मध्ये.

ही चूक फार घरांत आहे, म्हणून जरा थांबतो. जुन्या सूटकेस प्लेयरांमध्ये सुईच्या मागे सिरॅमिकचा किंवा स्फटिकाचा तुकडा असतो. सुई हलली की तो दाबला जातो आणि वीज तयार होते. ही वीज भरपूर असते, त्यामुळे 'ऑक्स'ला जोडलं तरी आवाज खणखणीत येतो आणि माणूस फसतो. पण तो तुकडा विजेच्या दृष्टीनं एक छोटा कपॅसिटर आहे. त्याच्यापुढे साधारण १० लाख ओहमचा भार असेल, तरच तो खालचे स्वर सोडतो. जुन्या प्लेयरांमधला आतला अँप्लिफायर तसा बनवलेला असायचा. आजच्या 'ऑक्स'चा भार १० हजार ते ५० हजार ओहम. मग वरचे स्वर जातात, खालचे गळून पडतात. अशा वेळी हजार वॅटचा सबवूफर आणला तरी तो काय वाजवणार? त्याच्यापर्यंत काही पोचतच नाही.

यावर मध्ये एक छोटं सर्किट बसवता येतं, आणि ज्यांना जुना प्लेयर जपायचाय त्यांनी तेच करावं. मी मित्राला मात्र ते करू दिलं नाही. त्या कार्ट्रिजची सुई रेकॉर्डवर पाच ग्रॅमच्या वर दाब देत होती आणि कधी बदलली होती देव जाणे. वडिलांच्या रेकॉर्ड्स रोज थोड्या थोड्या खरवडल्या जात होत्या. म्हटलं, सबवूफरचे पैसे आहेत ना, त्यात साधा, बरा टर्नटेबल घे, चुंबकीय म्हणजे एमएम कार्ट्रिजचा.

एमएमची गोष्ट अगदी उलटी. त्यातून निघणारी वीज एका व्होल्टच्या हजारांश भागांत मोजावी लागते, साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. त्याला फोनो प्रीअँप लागतो, आणि तो फक्त आवाज मोठा करत नाही. रेकॉर्ड कापताना बेस मुद्दाम कमी करतात. तसा केला नाही तर खालच्या स्वरांना खोबणी इतकी रुंद हलेल की एका बाजूला पाच-सात मिनिटंच मावतील आणि सुई उडेल. वरचे स्वर मुद्दाम वाढवून कापतात, म्हणजे वाजवताना ते कमी केले की सोबत खरखरही कमी होते. किती कमी, किती जास्त, याचा एक ठरलेला आलेख आहे. १९५४ पासून तो आरआयएए नावानं चालतो. प्रीअँप तो आलेख उलटा फिरवतो : १००० हर्ट्झच्या तुलनेत १०० हर्ट्झला साधारण साडेचार पट वाढवतो, २० हर्ट्झला नऊ पट, आणि १०,००० हर्ट्झला पाचव्या हिश्शावर आणतो. म्हणजे रेकॉर्डचा बेस खोबणीत जितका असतो, त्याहून जास्त प्रीअँपमध्ये घडतो. बेस सुधारायला पैसे कुठे घालावे असं कुणी विचारलं तर माझं उत्तर : आधी सुई, मग प्रीअँप, मग स्पीकर. दुकानातला क्रम याच्या उलट असतो.

एक सावधगिरी. हल्ली पुष्कळ टर्नटेबलांच्या पाठीमागे 'फोनो' आणि 'लाइन' असं बटण असतं, म्हणजे प्रीअँप आतच बसवलेला असतो. बटण 'लाइन'वर ठेवून वायर अँप्लिफायरच्या 'फोनो'त घातली, तर तोच आलेख दोनदा लागतो. मग बेस येतो खरा, पण लग्नाच्या बँडसारखा, फाटलेला. याला कृपा करून सुधारणा समजू नका.

चार महिन्यांनी मी परत गेलो. टर्नटेबल आला होता, कार्ट्रिज होतं ऑर्टोफॉनचं टूएम रेड. मी सोन्याच्या दुकानात असतो तसा छोटा काटा बरोबर नेला होता. सुईचा दाब निघाला १.३ ग्रॅम, आणि कंपनी सांगते १.८. मित्र म्हणाला, "हलकी ठेवली, रेकॉर्ड जास्त टिकेल." हा गैरसमज अगदी जाणत्या माणसांतही आहे. सुई हलकी झाली की जोरकस थापेला ती खोबणीच्या भिंतीवरून सुटते आणि परत आपटते. त्यानं बेस फाटतो आणि भिंतही झिजते. नेमलेला दाब द्यावा, उगाच दयाबुद्धी नको.

तिथेच वजनाचा एक हिशेब करून घेतला. टोनआर्म आणि कार्ट्रिज मिळून एक वजन, आणि सुईची दांडी म्हणजे एक बारीक स्प्रिंग. स्प्रिंगवर वजन ठेवलं की ते एका ठरावीक गतीनं हेलकावतं. ही गती ८ ते १२ हर्ट्झमध्ये असावी. खाली गेली तर वाकड्या रेकॉर्डचे हेलकावे आणि माणसांची पावलं सुईला नाचवतात, वर गेली तर ती गाण्याच्या बेसमध्ये घुसते. सूत्र सोपं आहे : वजन ग्रॅममध्ये, त्याला कार्ट्रिजच्या माहितीपत्रकातल्या लवचिकतेच्या आकड्यानं गुणा, वर्गमूळ काढा, १५९ ला त्यानं भागा. इथे आर्मचं परिणामी वजन १०, कार्ट्रिजचं ७.२, लवचिकता २०. उत्तर येतं ८.६. जमलं. तुमचं उत्तर ६ आलं तर जड आर्मवर फार मऊ कार्ट्रिज बसलंय असं समजा, आणि मग कुठलाही महागडा स्पीकर तो दोष झाकणार नाही. उलट, जितका मोठा वूफर तितका तो रिकामाच आत-बाहेर धापा टाकताना दिसेल.

एवढं करून रेकॉर्ड लावली. आवाज स्वच्छ, गायक समोर बसल्यासारखा. आणि डावा हात? मामींनी नुसती मान हलवली, आडवी.

मी खरं सांगतो, तेव्हा मलाही क्षणभर सबवूफर आठवला. मग दोन्ही स्पीकर समोरासमोर, अगदी तोंडाला तोंड लावून ठेवले आणि अँप्लिफायरचं मोनो बटण दाबलं. दोन्हीकडे एकच आवाज, म्हणजे बेस वाढायला हवा. इथे तो जवळजवळ नाहीसाच झाला. एका स्पीकरची वायर उलटी होती. एकाचा वूफर पुढे येई तेव्हा दुसऱ्याचा मागे जाई, आणि हवा ढकलायच्या ऐवजी दोघे एकमेकांचं काम पुसत होते. वरच्या स्वरांना त्याचा फारसा फरक कळत नाही, खालच्यांचा मात्र सगळा हिशेब शून्य होतो. वायर होती दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी, खुणेशिवायची, कुणीही चुकेल. व्हिडिओत मी हे १.५ व्होल्टच्या सेलवर दाखवलं होतं. वाचणाऱ्यांसाठी लिहितो : अँप्लिफायरकडची वायरीची दोन टोकं सोडवा आणि त्यांना सेल क्षणभर टेकवा. लाल खुणेची तार सेलच्या अधिक टोकाला असेल तर वूफर बाहेर आला पाहिजे. दोन्ही स्पीकरचं असंच करा. हीच गडबड कार्ट्रिजमागच्या चार बारीक तारांतही होते. पांढरी आणि निळी डावीकडच्या, लाल आणि हिरवी उजवीकडच्या. पांढरी-निळी अदलाबदल झाली की तेच दुखणं.

वायर सुधारली. फुकटात निम्मा बेस परत आला. मामी म्हणाल्या, "आता कुणीतरी शेजारच्या घरात वाजवतोय."

राहिलेलं काम खोलीत होतं. जुनं घर, मध्ये उघडा चौक, त्याच्या कडेनं लांबट दिवाणखाना. लांबी मी टेपनं मोजली, ५.१ मीटर. स्पीकर एका टोकाला, मागच्या भिंतीपासून ९० सेंटिमीटर पुढे, कारण स्पीकर भिंतीपासून लांब ठेवावेत असं मित्रानं कुठेतरी ऐकलं होतं. आता बघा. बेस पुढे जातो तसाच मागेही जातो. भिंतीवर आपटून परत स्पीकरपाशी येईपर्यंत तो १.८ मीटर चालतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला, तर ९६ हर्ट्झच्या लहरीचं हे बरोबर अर्धं अंतर. म्हणजे परत आलेली लहर समोरच्या लहरीच्या नेमकी उलटी, दोघी एकमेकींना खातात. कुठे? ९६ हर्ट्झला. मृदंगमाचा डावा हात जिथे राहतो, तिथेच खड्डा. स्पीकर ३० सेंटिमीटरवर सरकवले, तो खड्डा वर २९० च्या आसपास गेला, आणि त्याच्या खालच्या सगळ्या स्वरांना भिंत उलट मदत करायला लागली.

आणि शेवटचं, झोपाळा. त्या बाजूच्या घरांत झोपाळा दिवाणखान्याच्या मधोमध, तुळईच्या कड्यांना टांगलेला असतो. मामींची बैठक गेली साठ वर्षं तीच. दोन भिंतींच्या मध्ये बेस उभा राहतो, दोरी दोन्ही टोकांना धरून हलवल्यासारखा, आणि काही ठिकाणी तो मोठा तर काही ठिकाणी जवळजवळ शून्य असतो. ५.१ मीटरच्या खोलीत असे स्वर येतात ३४, ६८ आणि १०१ हर्ट्झला. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्याला खोलीचा अगदी मध्य म्हणजे शून्याची जागा. मामी घरातल्या सर्वांत वाईट जागी बसून सर्वांत चांगल्या कानांनी ऐकत होत्या. लांबीच्या दोन तृतीयांशावर, म्हणजे झोपाळ्यापासून ८५ सेंटिमीटर मागे, हे तिन्ही स्वर ऐकू येतात. तुमच्या घरी सोफा खोलीच्या मधोमध असेल, किंवा पार मागच्या भिंतीला टेकलेला असेल, तर आधी तो हलवून बघा. मागच्या भिंतीशी बेस फुगून येतो, तोही खोटाच.

मी खुर्ची त्या जागी ठेवली. मामी उठेनात. "झोका सोडून मी कुठे बसत नाही." अर्धा तास गेला. शेवटी मित्र म्हणाला, "एक बाजू फक्त, आई. बावीस मिनिटं." तेव्हा आल्या.

कुठली रेकॉर्ड लावायची हेही पाहावं लागतं, कारण सगळ्याच रेकॉर्ड्समध्ये बेस नसतो. पेटीत ७८ च्या तबकड्या होत्या. १९२५ च्या सुमाराला विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं. त्याआधी कलावंत भोंग्यासमोर बसून गायचे आणि त्या भोंग्याला खालचे स्वर पकडताच येत नसत. तिथे कितीही खर्च करा, नसलेला डावा हात येणार नाही. शिवाय ७८ ला एलपीची सुई चालत नाही, ती खोबणीच्या तळाशी खडखडत जाते. तिला जाड सुई लागते, आणि आलेखही आरआयएएचा नसतो. एलपीतही, एका बाजूला तीस मिनिटांच्या आसपास भरलेली असेल तर कापणाऱ्यानं जागेसाठी बेस कमी केलेला असण्याची शक्यता मोठी. वीस-बावीस मिनिटांची बाजू निवडा.

सबवूफरबद्दल विचारणार असालच. घ्यावा, पण हे सगळं झाल्यावर. एकच पुरतो, कारण रेकॉर्ड कापताना अगदी खालचे स्वर बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखेच ठेवतात. वेगळे ठेवले तर खोबणी खोलवर वरखाली होते. ८० हर्ट्झच्या खालचंच काम त्याला द्यावं, आणि प्रीअँपवर २० हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर असेल तर तो चालू ठेवावा, नाहीतर वाकड्या रेकॉर्डचे हेलकावेही तो इमानानं वाजवत बसेल. टर्नटेबल आणि सबवूफर एकाच फळीवर मात्र कधीही नको. आवाज सुईत परत शिरतो आणि घर हंबरायला लागतं. मित्रानं पुढे एक छोटा घेतला, सिनेमासाठी. रेकॉर्ड लावताना तो बंदच असतो.

तर मामी खुर्चीत बसल्या. एलपी कर्नाटक गायनाची, मृदंगम कुणाचा ते सांगत नाही. सुई टेकली. आलाप संपला, कृती सुरू झाली आणि पहिली समेची थाप पडली, तशी त्यांची डाव्या हाताची बोटं मांडीवर हलली. मग तो हात तसाच चालू राहिला, बावीस मिनिटं, गुमकीसकट. मित्र आईकडे बघत होता, मी स्पीकरकडे बघण्याचं नाटक करत होतो.

बाजू संपली. मी विचारलं, "मामी, आता?"

"आला," त्या म्हणाल्या. मग थोड्या थांबल्या. "पण ह्यानं रवा कमी लावलाय. ह्यांना विचारलं असतं तर ह्यांनी सांगितलं असतं." आणि उठून परत झोपाळ्यावर जाऊन बसल्या.